फुलचूरचे तळे आणि नागपूरचे कपाट

उच्च न्यायालयाच्या ग्रंथालयाविषयी लिहायचे आणि सुरुवात फुलचूरपासून करायची, ही वाट जरा वाकडी वाटेल. खंडपीठ नागपुरात, त्याची पुस्तके नागपुरात; फुलचूर तिथून रेल्वेच्या वाटेने सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, गोंदिया शहराला खेटून. गावातल्या कोणाला त्या कपाटांपर्यंत जाण्याचा प्रसंग सहसा येत नाही. पण ग्रंथालयाची गरज कोणाला आहे हे तिथल्या खुर्च्यांवर कोण बसते यावरून ठरवले, की उत्तर आधीच ठरलेले असते: वकील आणि न्यायमूर्ती. तीच गरज त्या पुस्तकांतला कायदा कोणाच्या घरादारावर चालतो यावरून मोजली, तर हिशेब फुलचूरपर्यंत येतो. १९३५ साली फुलचूरला जन्मलेला एक माणूस कल्पनेत उभा करा. जन्मला तेव्हा तो मध्य प्रांतातला, आणि प्रांताचे सर्वोच्च न्यायपीठ नागपूरच्या जुडिशियल कमिशनरचे कोर्ट. पुढच्याच वर्षी नागपूरला स्वतंत्र हायकोर्ट आले. पंधराव्या वर्षी प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, सोळाव्या वर्षी गावचा मालगुजार कायद्याने गेला. एकविसाव्या वर्षी तो मुंबई राज्यात आला, पंचविसाव्या वर्षी महाराष्ट्रात, आणि चौसष्टाव्या वर्षी त्याचा जिल्हा भंडाऱ्याचा गोंदिया झाला. एवढ्या काळात त्याने घर हलवले नाही, बांध हलवला नाही. हलत राहिले ते कायदे. नवा कायदा आला की जुना पुसला गेला असे झाले नाही. नवा जुन्यावर बसला, काही ठिकाणी जुना खालून दिसत राहिला. या माणसाचे शेत, तळ्याचे पाणी, सरपण आणि चराई या थरांतून चालत आलेली आहेत. ते थर एका जागी, क्रमाने, मूळ शब्दांसह वाचता येतील अशी जागा म्हणजे नागपूरच्या हायकोर्टाचे ग्रंथालय. माझे म्हणणे एवढेच, की ते वकिलांच्या सोयीचे दालन नाही. पूर्व विदर्भातल्या गावांच्या हक्कनोंदीचा तो दुसरा खंड आहे, आणि त्याची निगा व त्याचा दरवाजा यांचा विचार त्याच नात्याने व्हायला हवा.

या ग्रंथालयाला इतर हायकोर्टांच्या ग्रंथालयांहून निराळे करणारी गोष्ट नागपूरच्या कोर्टाच्या इतिहासात आहे. मुंबईचे हायकोर्ट १४ ऑगस्ट १८६२ ला सुरू झाले आणि तेव्हापासून एकाच नावाने चालू आहे. तिथले पहिले पुस्तक आणि आजचे पुस्तक एकाच वंशातले. नागपूरचे तसे नाही. हायकोर्टाचे लेटर्स पेटंट २ जानेवारी १९३६ चे, कामकाज ९ जानेवारी १९३६ पासूनचे. हेन्री मेड यांनी आराखडा केलेली देखणी दगडी इमारत १९४० मध्ये उघडली. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला, एकवीस वर्षेही पुरी होण्याआधी, राज्य पुनर्रचनेने हे हायकोर्ट नागपुरातून उठवले. कायद्याच्या भाषेत ते बंद झाले नाही. पुनर्रचना कायद्याने जुन्या मध्य प्रदेशाचे हायकोर्ट हेच नव्या मध्य प्रदेशाचे हायकोर्ट ठरवले आणि त्याची गादी जबलपूरला गेली. त्या वेळी मुख्य न्यायमूर्ती असलेले हिदायतुल्ला कोर्टाबरोबर जबलपूरला गेले. नागपुरात इमारत राहिली, बार राहिला, पक्षकार राहिले, आणि मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ आले. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने त्या खंडपीठाला कायमचे स्थान दिले: किमान तीन न्यायमूर्ती आणि बुलडाण्यापासून चांद्यापर्यंतचे जिल्हे, त्यांत भंडारा आणि म्हणून आजचा गोंदिया. थोडक्यात, वंश जबलपूरला आणि वाडा नागपूरला. गोंदियाच्या माणसाने हे आगगाडीच्या रुळांवरही पाहिले आहे. एक मार्ग पश्चिमेला नागपूरकडे जातो, दुसरा बालाघाटवरून उत्तरेला जबलपूरकडे. मधल्या एका सीमेमुळे अलीकडच्या धानाच्या बांधीला एक हायकोर्ट आणि पलीकडच्या बांधीला दुसरे. १९५६ पर्यंतचा कायदा मात्र दोघांचा सामाईक.

अशा कोर्टाच्या ग्रंथालयात नेमके काय साठत जाते? लोकांना वाटते, कायदे. कायदे असतातच, पण मोठी जागा अडवतात ते निवाडे. आपल्याकडची पद्धत अशी, की कायद्याच्या कलमाचा अर्थ कोर्टाने काय लावला हे वरच्या कोर्टाच्या छापील निकालातून सांगावे लागते, आणि खालच्या कोर्टाला तो मानावा लागतो. म्हणून निकाल छापणे हे कायदा छापण्याइतकेच महत्त्वाचे झाले. १८७५ च्या इंडियन लॉ रिपोर्ट्स कायद्याने सरकारमान्य मालिका सुरू झाल्या. मध्य प्रांतात १९३६ आधी हायकोर्टच नव्हते, पण जुडिशियल कमिशनरच्या कोर्टाचे निकाल ‘नागपूर लॉ रिपोर्ट्स’मध्ये येत, हायकोर्ट झाल्यावर इंडियन लॉ रिपोर्ट्सची स्वतंत्र नागपूर मालिका निघाली आणि हायकोर्टाबरोबरच संपली. याशिवाय १९१४ पासूनचे निकाल देणारा आणि देशभरच्या वकिलांच्या टेबलावर असणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ नागपुरातूनच निघतो, ही गोष्ट नागपूरकरही फारशी सांगत नाहीत. व्ही. व्ही. चितळे यांच्या नावाशी जोडलेल्या त्या उद्योगाने नागपूरला भारतीय कायद्याचे छापखान्याचे गाव केले. या निवाड्यांच्या सोबतीला टीकाग्रंथ, राजपत्रे, नियम, अधिसूचना, जमाबंदीचे अहवाल, विधिमंडळाच्या चर्चा. पुरावा कायद्याच्या जुन्या ५७ व्या कलमाने तर न्यायाधीशाला सार्वजनिक इतिहास, वाङ्मय, शास्त्र आणि कला यांच्या प्रश्नांत योग्य संदर्भग्रंथांचा आधार घेण्याची मुभा दिली. कोर्टाने पुस्तक उघडणे ही कायद्याने गृहीत धरलेली कृती आहे. मग ते पुस्तक कपाटात आहे की नाही, हा प्रश्न कारकुनी राहत नाही.

नुसते असे सांगून पटणार नाही, म्हणून तेंदूपत्ता घेऊ. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसाला या पानाची ओळख करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात पत्ता तोडणे, पुडके बांधणे, फडीवर मोजून देणे आणि वर्षभर विडी वळणे, यावर कित्येक घरांची मीठमिरची चालली. आता हेच पान कायद्याच्या पुस्तकांत कसे फिरले ते पाहा. १९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने एक कायदा केला: शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळायची नाही, म्हणजे मजूर शेतीला मिळतील. सागर जिल्ह्यातल्या एका कारखानदाराने आणि एका विडी कामगाराने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. १९५० च्या अखेरीस आलेल्या चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात कोर्टाने म्हटले, की बंदी हेतूपेक्षा फार लांब गेली. ज्यांना शेतीचे काम करताच येत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांची, पंगूंचीही विडी तिने बंद केली. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर घालायचे ‘वाजवी निर्बंध’ म्हणजे काय, हे शिकवताना आजही देशभरच्या विधी महाविद्यालयांत पहिला दाखला याच खटल्याचा देतात. विद्यार्थी तो घटनेचा धडा म्हणून पाठ करतात. आपल्या मुलखाला तो विडीच्या सुपाचा खटला आहे.

पुढचा टप्पा अधिक गुंतागुंतीचा आणि ग्रंथालयाच्या दृष्टीने अधिक बोलका. मालगुजार आणि जमीनदार आपल्या जंगलातला तेंदूपत्ता, लाख, लाकूड ठेकेदारांना काही वर्षांच्या कराराने विकत. मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५० आला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालकी शासनाकडे गेली. मग आधीच पैसे भरलेल्या ठेकेदाराच्या कराराचे काय? छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने कौल दिला. १९५८ मध्ये शांताबाई खटल्यात प्रश्न पुन्हा आला, आणि तिथे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी झाड केव्हा ‘उभे लाकूड’ म्हणून जंगम आणि केव्हा जमिनीशी बांधलेले म्हणून स्थावर, याची जी फोड केली ती मालमत्तेच्या कायद्यात घर करून राहिली. शेवटी १९५९ मध्ये महादेव विरुद्ध मुंबई राज्य या निकालाने छोटाभाईचा निर्णय मागे सारला: हे करार म्हणजे जमिनीतल्या हक्काचाच तुकडा, मालकाबरोबर तोही शासनाकडे गेला. निकाल लिहिला हिदायतुल्लांनी. बोस नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, हिदायतुल्लाही तेच. दिल्लीत बसून ते आपल्या जुन्या प्रांताचे जंगल वाचत होते. आणि खटल्याच्या नावात मध्य प्रदेश जाऊन ‘मुंबई राज्य’ का आले, हे १९५६ ची पुनर्रचना ठाऊक नसलेल्याला कळणार नाही. ‘महाराष्ट्र’ असा शब्द टाकून शोधणाऱ्याला तर हा निकाल सापडणारही नाही. त्यानंतर १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज व्यापार विनियमन कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या हाती एकवटला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपत्ता नाव घेऊन घातला व त्याची मालकी वनवासींच्या आणि ग्रामसभांच्या बाजूला वळवली. मालगुजार, ठेकेदार, शासन, ग्रामसभा: साठ वर्षांत पानाचे चार धनी. आज कोणत्याही गावाला आपला हक्क सांगायचा असेल तर ‘आमच्याकडे हा हक्क कधी होता आणि तो कोणी, कोणत्या कलमाने काढून घेतला’ याचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर एका पुस्तकात नाही, ओळीने लावलेल्या पाचसात पुस्तकांत आहे. विशेष ग्रंथालय या शब्दाला मी एवढाच अर्थ देतो: ज्याने ती ओळ मोडू दिली नाही ते.

तेंदूपत्त्याचे प्रकरण निदान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्याने प्रसिद्ध झाले. तळ्यांचे प्रकरण तेवढे भाग्यवान नाही. या भागात ज्यांना सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यांची मालकी १९५० च्या कायद्याने कशी वाटली हे पाहण्यासारखे आहे. गावठाणाबाहेरच्या, पडीत जागेवरच्या तळ्यावर मालगुजाराखेरीज दुसऱ्या कोणाचा ओलिताचा हक्क नसेल तर तळे मालगुजाराकडे राहावे. इतरांचा हक्क असेल तर ते शासनाकडे जावे. म्हणजे सगळा प्रश्न एका नोंदीवर आला: पाणी कोण कोण घेत होते? ती नोंद वाजिब-उल-अर्जात. गावाचे रिवाज, पाण्याच्या पाळ्या, वाटा, चराईच्या जागा जमाबंदीच्या वेळी लिहून ठेवलेला तो कागद. त्याच्या शेजारी निस्तार पत्रक, म्हणजे सरपण, बांबू, माती, चराई यांसाठी गावाला मोकळ्या असलेल्या जमिनींची यादी. हे कागद महसूल खात्याच्या अभिलेखागारात असतात, हायकोर्टात नाही, हे खरे. पण त्या कागदाला कायद्यात वजन किती, त्यातल्या नोंदीविरुद्ध पुरावा कोणी द्यायचा, ‘रिवाज’ किती वर्षांचा असला म्हणजे हक्क होतो, हे ठरवले आहे ते १९१७ चा मध्य प्रांत जमीन महसूल कायदा, १९२० चा कूळकायदा आणि १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता यांनी, आणि त्यांवरच्या नागपूरच्या निकालांनी. कागद तहसिलीत, त्याची किल्ली नागपुरात, अशी ही वाटणी आहे. दोन्ही हाती असल्याशिवाय तळ्याचा दावा उभा राहत नाही.

आणि हे सगळे जुन्या धुळीचे खेळ नाहीत, याचा पुरावा अगदी अलीकडचा. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचा निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील हजारो हेक्टर जमीन महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेली. हलक्या, मुरमाड जमिनीवरची झुडपे, गुरे चारायला सोडलेली जागा, एवढाच त्या नोंदीचा मूळ गावरान अर्थ. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने ‘जंगल’ या शब्दाला कोशातला अर्थ दिला, आणि त्या एका शब्दाने शाळा, घरे, स्मशाने, सरकारी कचेऱ्या अडचणीत आल्या. २०२५ च्या निकालाने अशा जमिनी वनच मानल्या आणि १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना नियमित होण्याची वाट ठेवली. या निकालाविषयी मतभेद असू शकतात. पण तो वाचताना एक गोष्ट सुटत नाही: एकविसाव्या शतकातल्या न्यायमूर्तींना मध्य प्रांताच्या बंदोबस्ताची शब्दावली, निस्ताराची पद्धत आणि १९५६ नंतर दप्तरे कशी हस्तांतरित झाली हा इतिहास उकलावा लागला. एका पटवाऱ्याने कधीकाळी लिहिलेला विशेषणवाचक शब्द तीन पिढ्यांनंतर हेक्टरांचे भवितव्य ठरवतो. तो शब्द ज्या कायद्याच्या छायेत लिहिला गेला तो कायदा, त्या वेळचे नियम आणि त्यावरचे निर्णय कोणी जपून ठेवायचे?

पहिला आक्षेप इथेच येतो. रद्द झालेला कायदा कशाला जपायचा? मध्य प्रदेश संहिता गेली, १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. कोर्ट आजच्या कायद्याने चालते. या आक्षेपात कायदा ही स्वयंपाकघरातली भांडी समजली आहेत, नवे आणले की जुने मोडीत. प्रत्यक्षात हक्क ज्या दिवशी जन्मला त्या दिवसाचा कायदा त्याला लागतो. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली. पण ३० जूनच्या रात्री घडलेला गुन्हा १८६० च्या दंडसंहितेनेच चालेल, आणि त्याचे अपील दहा वर्षांनी हायकोर्टात आले तरी दंडसंहितेवरचेच निकाल काढावे लागतील. फौजदारी गुन्हा निदान काही वर्षांत मिटतो. जमिनीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आजोबांनी १९४० साली मोडलेल्या बांधाचा वाद नातवाच्या फेरफारात उभा राहतो, तेव्हा १९४० चा कायदा त्या कोर्टात जिवंत असतो. गंमत म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांची यादी करताना ‘निस्तार’ हा आपला शब्द जसाच्या तसा उचलला, आणि त्याखालच्या नियमांनी दाव्याचा पुरावा म्हणून जमाबंदीचे अहवाल, हक्कनोंदी आणि कोर्टाचे आदेश व निवाडे चालतील असे सांगितले. संसदेने जुन्या कपाटाकडे बोट दाखवून ठेवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आता सगळे संगणकावर आहे, कपाटे हवीत कशाला? यातले खरे आधी मान्य केले पाहिजे. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट ई-एससीआरवर फुकट वाचता येतात. हायकोर्टाचे रोजचे निकाल संकेतस्थळावर दिसतात. आणि निकालांचा मूळ मजकूर कोणाच्याही मालकीचा नाही, हे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या २००७ च्या निकालाने पक्के केले. चिंतामणराव किंवा महादेव आज फुलचूरच्या मोबाइलवर उघडतो. हा बदल लहान नाही, आणि ग्रंथालयाची बाजू घेणाऱ्याने त्याला नाक मुरडू नये. पण संगणक सापडलेले दाखवतो, न सापडलेले दाखवत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल उत्तम सापडतात, हायकोर्टाचे नवे बरे सापडतात, जुडिशियल कमिशनरचे फार क्वचित. १९२५ ची प्रांतिक अधिसूचना, कूळकायद्याखालचे नियम, एखाद्या टीकाग्रंथाची ती आवृत्ती जी १९३८ च्या न्यायाधीशासमोर होती, हे बहुधा कोणाच्या भांडारात नाही, कारण त्यातून कोणाला वर्गणी मिळत नाही. शिवाय संगणकाला काय विचारायचे ते आधी ठाऊक असावे लागते. ज्याला आपल्या गावच्या कायद्याचे नाव ‘मध्य प्रदेश’ या शब्दाने सुरू होते हेच माहीत नाही, तो महाराष्ट्राच्या यादीत शोधत बसतो आणि नाही म्हणून उठतो. कपाटात मात्र १९५६ च्या खंडाशेजारी १९५५ चा खंड असतोच. हात चुकून तिथे जातो. जाता जाता एक बारीक गोष्ट. १९५६ नंतर रिपोर्टांतून ‘नाग’ ही अक्षरे गेली होती. अलीकडे हायकोर्टाने निकालांना स्वतःचे तटस्थ क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्यात नागपूर खंडपीठाच्या निकालावर ‘बीएचसी-नाग’ असा शिक्का येतो. नाव परतले, म्हणजे नव्या मालिकेचा धागा जुन्या मालिकेला बांधून देणारे कोणीतरी आता हवे आहे, आणि ते काम यंत्राचे नाही, ग्रंथपालाचे आहे.

तिसरा आक्षेप वकिलांकडून येतो. ग्रंथालय न्यायदानासाठी आहे, लोकांच्या वाचनासाठी नाही. लोकांनी वकील करावा. कोर्टात सुरक्षेचे प्रश्न आहेत, न्यायमूर्तींना निवांतपणा लागतो, जागा अपुरी. यातला निवांतपणाचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. न्यायमूर्तींच्या दालनात वर्दळ नको. पण पहिले वाक्य मान्य करता येत नाही, आणि ते न मानण्याचा सर्वांत चांगला आधार नागपूरकर न्यायाधीशाच्याच लेखणीतला आहे. १९५१ मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूचा कायदा ठरावाने मंजूर केला, पण तो कुठे प्रसिद्धच केला नाही. पुढे त्याखाली एका माणसाला शिक्षा झाली. व्हिव्हियन बोस यांनी ती शिक्षा रद्द करताना तत्त्व घालून दिले, की ज्याचा लोकांना पत्ताच लागू शकत नाही अशा कायद्याने लोकांना बांधणे हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. कायदा लागू व्हायचा तर तो कोणत्या तरी रीतीने जाहीर झालाच पाहिजे. आपण एकीकडे म्हणतो, कायद्याचे अज्ञान ही सबब नाही. हे वाक्य न्याय्य ठरते ते दुसऱ्या बाजूला कायदा वाचायला मिळत असेल तरच. राजपत्रात एकदा छापला आणि मग तो अंक कुलपात गेला, तर छापण्याचा विधी झाला, पण हरला खटल्यातला आशय मेला. आणि ‘वकील करावा’ म्हणणाऱ्यांनी गोंदियाच्या वकिलाचाही विचार करावा. जिल्हा कोर्टात चालवणाऱ्या तरुण वकिलाच्या हाती स्वतःची पाचपन्नास पुस्तके. जुना नागपूर रिपोर्ट हवा तर नागपूर गाठावे लागते किंवा तिथल्या ओळखीच्या वकिलाला फोटो काढून पाठव म्हणावे लागते. ज्याची ओळख मोठी त्याचा दाखला जुना, अशी विषमता यातून तयार होते. ती पक्षकाराच्या कुवतीत दिसत नाही, निकालात दिसते.

भाषेचा आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो मला सर्वांत खरा वाटतो. घटनेच्या ३४८ व्या कलमाने हायकोर्टाची भाषा इंग्रजी. जिल्हा व तालुका कोर्टांत १९९८ पासून मराठी आली, पण वरच्या कपाटातली जवळपास सगळी पुस्तके इंग्रजीत. दरवाजा उघडला तरी फुलचूरचा शेतकरी आत जाऊन काय वाचणार? याला उत्तर म्हणून ‘भाषांतरे होतील’ असे म्हणणे म्हणजे आजची अडचण उद्यावर ढकलणे. त्यापेक्षा त्या इंग्रजी पानांकडेच नीट पाहावे. त्यांत कणा असलेले शब्द कोणते? सीर, खुदकास्त, मालगुजार, रैयत, निस्तार, वाजिब-उल-अर्ज, आबादी, पडीत, झुडपी. इंग्रज न्यायाधीशांना यांना प्रतिशब्द सापडले नाहीत, म्हणून ते जसेच्या तसे ठेवावे लागले. वाक्ये परकी, पण नामे गावची. या शब्दांची मराठी सूची करता येते, कोणता शब्द कोणत्या निकालात कोणत्या पानावर ठरला हे सांगता येते. सहा जिल्ह्यांच्या जमीन आणि जंगलाच्या कायद्यापुरती अशी सूची आटोपशीर राहील, आणि तिचा उपयोग तलाठ्यापासून ग्रामसभेच्या सचिवापर्यंत अनेकांना होईल. हे काम विद्यापीठाने करावे की बारने की शासनाच्या भाषा संचालनालयाने, यावर वाद घालता येईल; कोणीही केले तरी ते बसून करायची जागा हेच ग्रंथालय.

मागणी म्हणून मांडायचे तर ते मोठे नाही. न्यायमूर्तींचे दालन त्यांचेच राहावे. मध्य प्रांताच्या काळापासूनचे रिपोर्ट, कायदे, नियम, राजपत्रे आणि बंदोबस्ताचे अहवाल यांचा स्वतंत्र संग्रह वेगळा काढावा, जीर्ण झालेली पाने आधी छायाचित्रित करावीत, आणि ती प्रत गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जिल्हा कोर्टांच्या ग्रंथालयांत व जिल्हा ग्रंथालयांत वाचता यावी. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावापासून जिल्ह्यापर्यंत वाचनालयांची साखळी आहे. कोर्टांची ग्रंथालये वेगळ्या साखळीत चालतात. दोन साखळ्यांत एक कडी घालणे एवढेच हे काम. कोणी म्हणेल, गावात हे वाचणारे किती? फार थोडे. पण वाजिब-उल-अर्ज वाचणारेही गावात कधी फार नव्हते. एक-दोघे वाचत आणि तळ्याची पाळी मात्र सगळ्यांची ठरे. शिवाय गोंदियाला खेटलेल्या फुलचूरसारख्या गावात शेत बिगरशेती होऊन प्लॉट पडले, की तळ्याची, वाटेची, चराईची जुनी नोंद आणि नव्या मोजणीचा नकाशा एकमेकांसमोर येणारच. शहर जितके जवळ येईल तितका जुना कायदा अधिक लागेल, कमी नाही.

या पुस्तकाची मांडणी त्याच हेतूने उलटी केली आहे. कायद्यापासून गावाकडे न येता गावातल्या कागदापासून कायद्याकडे जायचे. समोर एक तळे धरले आहे, पडीत जागेवरचे, आज ‘शासन’ असे लिहिलेले. पहिले प्रकरण त्या तळ्याच्या वाजिब-उल-अर्जातल्या नोंदीपासून सुरू होते: पाणी कोणत्या बांध्यांना, कोणाच्या पाळीने, आणि पाट दुरुस्त करायचा कोणी.